पंखा उघडणारा सरडा : सातारा-सांगलीच्या माळाचा एक जुना रहिवासी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे दरवेळेप्रमाणे इतिहासावरील लेख मागितला. या खेपेस आम्ही सरड्यावर लिहिणार आहोत असे कळविले, तेव्हा मंडळातील सहकारी हसले. 'सर, विषय चुकला का?' असेही एकाने विचारले. विषय चुकलेला नाही. सातारा व सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांच्या माळरानावर एक सरडा राहतो. विज्ञानाच्या दप्तरी त्याची स्वतंत्र नोंद होण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि ती नोंद झाली तेव्हा त्याला मिळालेले नाव आपल्या मराठीतून घेतलेले होते. आपल्या वसतिगृहातील बहुसंख्य मुले माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतून येतात. म्हणजे ती या सरड्याच्या गावचीच आहेत. एवढा संबंध लेखास पुरेसा आहे, असे आम्हांस वाटते.

आमचा हा शोध एका दगडापासून सुरू झाला. काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वीच्या एका रविवारी, वसतिगृहामागच्या माळावर आठवीच्या मुलांनी एक सरडा टिपला. नेम अचूक होता. मुले तो काठीवर घेऊन मोठ्या अभिमानाने आमच्या खोलीसमोर आली. का मारला, असे विचारता एकाने उत्तर दिले, "सर, तो लांबूनच माणसाचं रक्त शोषतो. म्हणून तर त्याचा गळा लाल होतो." ते ऐकून आम्हांस राग येण्याऐवजी ओशाळल्यासारखे झाले. जत तालुक्यातील आमच्या लहानपणी हेच वाक्य आम्हीही बोलत होतो, आणि आमचाही नेम बरा होता. साधन कोणते, पुरावा कोणता, हे प्रश्न इतिहासाच्या तासाला विचारण्यास आम्ही मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो. या एका वाक्याला मात्र आम्ही स्वतः तो प्रश्न कधी विचारलेला नव्हता.

मग तेथेच, व्हरांड्यात, तपास झाला. मेलेला सरडा आम्ही तळहातावर घेतला. शरीर बोटाएवढे, शेपटी त्याहून लांब, पाठ मुरमाच्या रंगाची. जमिनीवर निश्चल बसला तर दिसणारही नाही असा. गळ्याखाली एक सैल घडी होती. काडीने ती हलकेच ओढताच ती पंख्यासारखी उलगडली, आणि आत निळा, काळा व नारिंगी असे तीन रंग होते. रंग उतरू लागले होते, तरी मुले गप्प झाली. त्या घडीत रक्ताचा थेंबही नव्हता. एका मुलाने मागच्या पायाची बोटे मोजली. ती चारच भरली. कुंपणावरच्या नेहमीच्या सरड्याला पाच असतात, हे दुसऱ्याला ठाऊक होते. म्हणजे हा तो नव्हे, एवढे अनुमान आठवीच्या मुलांनी स्वतःच काढले. पुढची माहिती प्राणिशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीने पुरविली. या लेखातील बरेचसे ज्ञान तिच्याकडून आम्हांस उसने मिळालेले आहे.

गळ्याखालचा हा पंखा फक्त नराला असतो. मादीला तो नसतो, आणि तिचा रंग मातीशी मिळताजुळता असतो. जिभेच्या मुळाशी असलेले हाड पुढे ढकलून नर गळ्याची कातडी ताणतो, की पंखा उघडतो. हाड मागे घेतले, की मिटतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, पहिल्या पावसाआधीच्या आठवड्यांत, विणीचा हंगाम असतो. त्या काळात नर एखाद्या उंचवट्यावरील दगडावर चढून बसतो, पुढच्या पायांवर शरीर उचलतो आणि पंखा उघडझाप करू लागतो. आजूबाजूच्या माद्यांना ते आवाहन असते, शेजारच्या नराला इशारा असतो. शेजारी ऐकत नसेल तर दोघे एकमेकांवर धावून जातात. या पंख्यातील निळ्या रंगाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. काळा व नारिंगी हे कातडीतील रंगद्रव्यांचे रंग आहेत. निळा तसा नाही. कातडीच्या पेशींतील अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश ज्या रीतीने परततो, त्यातून तो दिसतो. म्हणून पाहण्याचा कोन बदलला की त्याची झाकही बदलते. मोराच्या पिसाऱ्याचे रंगही असेच प्रकाशाच्या खेळातून निर्माण झालेले असतात.

'सरड्यासारखा रंग बदलणे' हा वाक्प्रचार निवडणुका जवळ आल्या की आपल्याकडे फार वापरला जातो. सरड्याच्या बाजूने येथे एवढेच नोंदवितो, की पंख्याचा हा सरडा आपला रंग कोणाच्या सोयीने बदलत नाही. जो आहे तो उघडून दाखवितो, आणि तो दाखविल्यामुळे घारीच्या नजरेस पडण्याचा धोकाही पत्करतो. रक्त शोषण्याच्या समजुतीचे मूळही बहुधा अशाच रंगात असावे. कुंपणावरच्या सरड्याच्या नराचे डोके व गळा विणीच्या दिवसांत लालबुंद होतो. त्याचे कारण त्याच्या शरीरातील बदल हे असते. समोरच्या माणसाच्या रक्ताशी त्याचा काही संबंध नसतो.

आता नावाचा इतिहास. येथे आमचा मूळ विषय आमच्या मदतीस येतो.

फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८२९ साली भारतातील अशा पंखेवाल्या सरड्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. नमुना पाँडिचेरीचा होता, म्हणून त्याला 'सिताना पाँटिसेरियाना' असे नाव मिळाले. पुढे १८७० मध्ये जेर्डन या कंपनी सरकारच्या सेवेत राहिलेल्या इंग्रज डॉक्टराने दख्खनमधील एका सरड्याचे वर्णन केले व त्याला 'डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, असे नाव दिले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८७१ मध्ये, डार्विनचा 'द डिसेंट ऑफ मॅन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मोराचा पिसारा, कोंबड्याचा तुरा अशा नराच्या दिमाखदार अवयवांचे कोडे त्या ग्रंथात डार्विनने सोडविले आहे. जगण्यासाठी निरुपयोगी, प्रसंगी धोक्याचा असा हा दिमाख टिकतो, याचे कारण त्यामुळे नराला जोडीदार मिळण्याची शक्यता वाढते, असा त्याचा सिद्धान्त. त्याच्या पुष्ट्यर्थ त्याने जी उदाहरणे दिली, त्यांत भारतातील या सरड्याचे उदाहरण चित्रासह आहे. गळ्याचा पंखा निळा, काळा व तांबडा असतो, हे रंग फक्त विणीच्या काळात दिसतात आणि मादीला या अवयवाचा मागमूसही नसतो, असे वर्णन त्याने केले आहे. डार्विन हिंदुस्थानात कधीही आला नव्हता. हे वर्णन त्याने इतरांच्या लेखनाच्या आधारे लिहिले. तरीही आपल्या माळावर दरवर्षी उन्हाळ्यात जे घडते, तेच ते आहे. ज्याला दगड मारण्यात आमचे बालपण गेले, तो शंभर वर्षांपूर्वीच जगातील एका महत्त्वाच्या ग्रंथात साक्षीदार म्हणून उभा होता. हे आम्हांस पन्नाशीत कळले.

यानंतर दीर्घकाळ प्रगती खुंटली. श्रीलंकेपासून गुजरातपर्यंतचे बहुतेक पंखेवाले सरडे एकाच जातीच्या नावाखाली मोडत राहिले. जेर्डनचा 'दख्खनचा' सरडाही त्याच एका नावाखाली गेला. लांबून पाहणाऱ्याला सगळे सारखेच दिसतात. शास्त्रातही असे होते. मग व्ही. दीपक, वरद गिरी, अमोद झांबरे, हर्षल भोसले, प्रवीण करंथ आदी संशोधकांनी दक्षिण भारतभरातील नमुने गोळा केले, त्यांच्या शरीराची मापे घेतली, पंख्याचा आकार व रंग पाहिला, डीएनए तपासला, आणि २०१६ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्याला आपण एक समजत होतो ते अनेक होते. पाच जाती विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या. शिवाय निळ्या-काळ्या-नारिंगी पंख्याचे सरडे इतके वेगळे ठरले, की त्यांच्यासाठी एक नवी प्रजाती स्थापावी लागली. त्या प्रजातीचे नाव त्यांनी ठेवले 'सरडा'.

होय, लॅटिन लिपीत लिहिले जाणारे, जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांनी वापरावयाचे अधिकृत नाव 'सरडा' हेच आहे. या प्रजातीत त्या वेळी तीन जाती धरल्या गेल्या. जेर्डनचा जुना 'डेक्कनेन्सिस' पुन्हा आपल्या जागी आला. दुसऱ्या जातीला डार्विनच्या सन्मानार्थ 'डार्विनी' असे नाव मिळाले. तिसऱ्या, पंख्याने सर्वांत मोठ्या व रंगाने सर्वांत झळाळत्या जातीला 'सुपर्बा', म्हणजे दिमाखदार, असे नाव मिळाले. या सुपर्बाचा प्रमाण-नमुना, ज्याच्याशी ताडून पुढे ही जात ओळखावयाची तो नमुना, आला आपल्या सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरून.

सातारा शहरातून सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघरच्या धबधब्याकडे जाणारा रस्ता पुढे चाळकेवाडीला चढतो. वर आल्यावर झाडी संपते आणि जांभ्या दगडाचे सपाट, उघडे पठार लागते. पावसाळ्यात येथे धुवाधार पाऊस पडतो. कास पठारासारखीच इवली फुले येतात. खडकाच्या खळग्यांत पाणी साचते. पण मातीचा थर इतका पातळ आहे, की दिवाळीनंतर ओल टिकत नाही. मग पुढचे सहा-सात महिने ते पठार उन्हात तापत पडलेले असते. खरे वाळवंट पाहावयाचे तर थरला जावे; तेथे सांडा नावाचा जाड, काटेरी शेपटीचा सरडा बीळ करून राहतो व झाडपाल्यावर जगतो. आपल्याकडे तसे वाळवंट नाही. परंतु मे महिन्यात चाळकेवाडीच्या जांभ्यावर किंवा जतच्या मुरमाड माळावर अनवाणी उभे राहून पाहावे, म्हणजे वाळवंट हा शब्द फार लांबचा वाटत नाही.

अशा जागी बोटाएवढा प्राणी जगतो कसा? त्याचे पाणी बहुतांशी त्याच्या खाण्यातून येते. मुंग्या, टोळ, भुंगेरे अशा कीटकांच्या शरीरात जी ओल असते ती त्याला पुरते. त्याच्या अंगावरील खवले ती ओल बाहेर जाऊ देत नाहीत. आपण मूत्रावाटे बरेच पाणी घालवितो. सरडा तो मळ जवळजवळ कोरड्या पांढऱ्या खड्याच्या रूपात टाकतो. सस्तन प्राण्यांप्रमाणे अन्न जाळून अंगात ऊब निर्माण करणे त्याला परवडत नाही, म्हणून तो उबेसाठी उन्हाकडे जातो आणि ऊन वाढले की झुडपाच्या सावलीत येतो. त्याचा सारा दिवस या ये-जा करण्यात जातो. सकाळी दगडावर, दुपारी तरवडाच्या बुंध्याशी, उतरत्या उन्हात पुन्हा दगडावर. जमीन फार तापली असेल तर पाय ताठ करून पोट वर उचलून धरतो. पळताना, विशेषतः जिवावर बेतले असता, या गटातील सरडे पुढचे पाय उचलून मागच्या दोन पायांवर धावतात. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण ज्याने केली त्याने गावाबाहेरचा माळ पाहिला नसावा. मादी मऊ मातीत खड्डा करून त्यात अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पुढचे काम जमिनीच्या उबेचे व पावसाच्या ओलीचे.

पूर्वेकडच्या तालुक्यांत ओलीची ही चैनही नसते. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून एका दिवसात एस.टी.ने पोहोचता येईल अशा माण-आटपाडी-जतच्या पट्ट्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. या पट्ट्याच्या दुष्काळाला लेखी इतिहास आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. मुंबई सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते, ते दुष्काळात हजारोंनी मरणाऱ्या लोकांना रोजगार मिळावा म्हणून. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेल्या त्या मुलांच्या वाट्याला प्रवासात काय आले, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आम्ही येथे फक्त त्या वाटेवरच्या भूमीकडे लक्ष वेधतो. पावसाने टाकलेली ही भूमी आहे, आणि तिच्यावर जगणारी माणसे व प्राणी दोघेही कमी पाण्यात निभावण्याची रीत शिकलेले आहेत.

आता या लेखाचे खरे कारण सांगतो. चाळकेवाडीच्या पठारावर आज प्रथम नजरेत भरतात त्या पवनचक्क्या. गेली वीस-पंचवीस वर्षे त्या तेथे फिरत आहेत. सांगली जिल्ह्यातही कवठेमहांकाळ-जतच्या बाजूस त्यांच्या रांगा दिसतात. धूर नाही, कोळसा नाही, राख नाही. वारा फुकट मिळतो. विजेसाठी धरण बांधले तर गावे उठतात, हे कोयना खोऱ्याच्या या जिल्ह्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. म्हणून पवनचक्की ही निरुपद्रवी वस्तू, असे आम्ही वर्गात सांगत आलो. पर्यावरणाच्या प्रकल्प-वह्यांत मुलांनी काढलेली तिची चित्रे आम्ही दहापैकी नऊ गुण देऊन तपासली आहेत.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर, तसेच अमोद झांबरे व हर्षल भोसले या संशोधकांनी याच चाळकेवाडीच्या पठारावर एक साधा प्रश्न विचारला. पठाराच्या काही भागांत पवनचक्क्या आहेत, काही भागांत नाहीत. बाकी जमीन सारखीच आहे. मग दोन्हीकडचे जीवन सारखे आहे काय? त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागांत शिकारी पक्षी, म्हणजे तिसा, कापशी, बझर्ड यांसारखे, जवळजवळ चौपट अधिक आढळले. जेथे पाती फिरत होती, तेथून ते दूर झाले होते. पक्षी गेले, तेव्हा त्यांचे भक्ष्य वाढले. पवनचक्क्यांखाली सुपर्बा सरड्यांची संख्या कितीतरी अधिक होती.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सरड्याचे भलेच झाले की! आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु त्या संशोधकांनी सरडे मोजून हात झटकले नाहीत. त्यांनी सरड्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक तपासले. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांत ते कमी होते. माणूस चालत आला असता सरडा किती अंतरावरून पळतो हे पाहिले. पवनचक्क्यांखालचा सरडा माणसाला फार जवळ येऊ देत होता. म्हणजे तो भिण्याचे विसरत चालला होता. आणि तिसरी गोष्ट अशी, की त्याच्या पंख्याचे रंग फिके झाले होते. निळा व नारिंगी दोन्ही. एका जागी गर्दी झाली, त्यामुळे आपापसांतील स्पर्धा वाढली, आणि वरून झडप घालणारा राहिला नाही, या दोहोंचा मिळून हा परिणाम आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांनी म्हटले ते असे, की पवनचक्की या अन्नसाखळीत शिकारी पक्ष्याच्याही वर जाऊन बसली आहे. ती कोणाला खात नाही. तरीही तिच्या असण्याने खालच्या सर्वांचे वागणे बदलते.

एखाद्या पात्याला आपटून पक्षी मरतो, हे दिसते. त्याची बातमी होते. पण पात्याने शिवलेलेही नसलेल्या, जमिनीवरच्या बोटाएवढ्या जिवाच्या गळ्यातील निळा रंग वीस वर्षांत उतरतो, हे कोणाला दिसावे? त्यासाठी कोणीतरी उन्हात दिवसेंदिवस बसून पाहावे लागते. आमच्या मते या अभ्यासाची थोरवी त्या बसण्यात आहे.

त्या वर्षानंतर आम्ही दोनदा मुलांना घेऊन चाळकेवाडीस जाऊन आलो. पहिल्या सहलीत एका पवनचक्कीच्या चबुतऱ्यापाशी एक नर दगडावर बसला होता. दहावीची एक मुलगी चार पावलांवर जाऊन उभी राहिली, तरी तो पंखा उघडीत होता. दुपारनंतर पवनचक्क्यांपासून दूर चालत गेलो, तेथे सरडे मुळात कमी दिसले. जो दिसला तो आमच्या सावल्या लांबवर पडताच दिसेनासा झाला. एका दिवसाच्या सहलीने शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही मुलांना तेथेच सांगितले. तरीही छापलेली गोष्ट डोळ्यांपुढे घडताना पाहण्याचा आनंद काही वेगळाच. त्या सहलीत मुलांनी कौतुकाने दगड उलटून पाहण्यास आरंभ केला, तेव्हा मात्र त्यांना थांबवावे लागले. त्या दगडांखाली आणखी एक रहिवासी असतो. जमिनीवर राहणारी, रात्री हिंडणारी एक पाल याच चाळकेवाडीच्या परिसरातून २००८ मध्ये नव्याने नोंदली गेली, आणि तिच्या शास्त्रीय नावात 'सातारा' हे नाव कोरलेले आहे. तिला लपण्यास तो दगडच घर.

या सर्व जमिनीला सरकारी भाषेत काय म्हणतात? सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य भागाला 'पोटखराबा' असा शब्द आहे. देशाच्या पातळीवर 'वेस्टलँड', म्हणजे पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो, आणि खडकाळ पठारे व विरळ झुडपांची माळराने त्यात मोडतात. प्रकल्पासाठी जागा पाहणारा अधिकारी प्रथम हा नकाशा उघडतो. पिकाखालच्या जमिनीला हात लावला तर शेतकरी ओरडतो, जंगलाला लावला तर कायदा आडवा येतो. माळाच्या वतीने बोलावयास कोणी नसते.

येथे आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांची प्रमुख मागणी पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी, हीच होती. आमच्या वडिलांच्या पिढीने त्यासाठी तुरुंग पाहिला. आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरची भाकरी आजही गायरानाच्या तुकड्यावर पिकलेल्या बाजरीची आहे. तेव्हा माळ राखा म्हणताना, ज्यांच्या हाती माळाशिवाय काही आलेच नाही त्यांच्या पोटावर पाय देणारे काही आपण बोलत नाही ना, हे तपासून पाहावे लागते. आम्ही ते पुष्कळ तपासले. आमचे मत असे बनले आहे, की सरडा आणि भूमिहीन हे एकमेकांचे वादी-प्रतिवादी नाहीत. दोघांच्याही जमिनीला 'रिकामी' म्हणणारा कागद एकच आहे.

गेल्या जूनमध्ये शाळा उघडण्याच्या वेळी जतकडचे एक पालक मुलीला सोडावयास आले होते. त्यांच्या माळासाठी एका वीज प्रकल्पाचा माणूस भाडेपट्ट्याचा कागद घेऊन दोनदा येऊन गेला होता. द्यावा की न द्यावा, असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही त्यांना कागद वकिलाला दाखवा, मुदत पाहा, मेंढ्यांना वाट राहते का ते लिहून घ्या, असे सांगितले. त्यापलीकडे त्यांच्या निर्णयात पडण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. ते म्हणाले, "सर, तसं तिथं आहे काय? नुसता माळ." त्यांची मुलगी जवळ उभी होती. मागच्या उन्हाळ्यात ती आमच्याबरोबर चाळकेवाडीस आलेली. ती बोटे मोडून मोजू लागली. "तरवड आहे, कुसळ आहे, आपली मेंढरं आहेत, टिटवीची अंडी होती, ससा आहे, पंख्याचा सरडा आहे." वडिलांनी ऐकून घेतले, थोडे थांबले, आणि म्हणाले, "लांडगा राहिला तुझा. दोन वर्षांमागं ओढ्याच्या अंगाला दिसला होता." मग ट्रंक उचलून दोघे वसतिगृहाच्या दिशेने चालू लागली, आणि वाटेत ती त्यांना होल्याचे घरटे कोठे होते ते विचारीत होती.